पाचव्या पायावरची पाकळी

बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर दोन चित्रं ठेवली आणि म्हणाल्या, "यांत फरक काय आहे ते सांग. घाई नाही. हवं तर जेवून ये."

दोन्ही चित्रांत एकच वाकडा पाय होता. पेन्सिलीनं काढून वर शाईनं गिरवलेला, टोकाला लांब आकडा असलेला. मी जेवायला गेले नाही. दोन तास बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, दोन्ही सेमच आहेत."

"आधी मराठीत बोल," त्या म्हणाल्या. "बाहेर मॅडम म्हण, इथे बाई म्हटलंस तरी चालेल. आणि सेम नाहीत. इथे बघ."

त्यांनी सुईच्या टोकानं दाखवलं. पायाच्या बुडाशी, आतल्या कडेला, एक पारदर्शक पाकळी होती. एका चित्रात ती गोल होती. दुसऱ्या चित्रात तिला मध्ये खाच होती आणि दोन टोकं होती. एवढाच फरक.

तो पाय ज्या प्राण्याचा होता तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो. कोळंबी आणि खेकड्यांच्याच कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा. अंगावर पातळ कवच, कपाळावर एकच लाल डोळा. कोपेपॉड म्हणतात त्याला. दिल्लीच्या आसपासच्या कुठल्याही तळ्यातलं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरलं तर टुणटुण उड्या मारणारे ठिपके दिसतात, त्यांतले बरेचसे हेच. वरून बघून त्यांच्या प्रजाती ओळखता येत नाहीत. नर शोधावा लागतो, मग त्याच्या पायांची पाचवी जोडी सुईनं सोडवावी लागते, आणि त्यातल्या उजव्या पायावर कुठे काटा आहे, कुठे खाच आहे, किती लव आहे ते बघावं लागतं. त्या पायानं नर मादीला धरतो. निसर्गानं सगळी कारागिरी तिथेच केलेली असते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन आईसकट पुण्याला गेले होते. आमचा सरकारी क्वार्टर सुटला आणि मी मुनिरकात एक खोली घेतली. खिडकी उघडली की समोरच्या घराच्या भिंतीला हात लागायचा. जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची मराठी, पण आठवीनंतर मराठीशी संबंध घरापुरताच. त्यामुळे बाई बोलायच्या त्यातले कितीतरी शब्द मला नवे होते. दातेरी कड, लव, कंगोरा, पन्हळ. बाई, माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक, मूळच्या सांगलीच्या. इंग्रजीत पेपर लिहायच्या, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आपोआप मराठीत पुटपुटायच्या. "ज्याला नाव नाही ते दिसत नाही," असं त्या म्हणायच्या. मला तसंच झालं. कंगोरा हा शब्द कळला त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कंगोरा दिसला.

दोन टोकांची पाकळी असलेली ती प्रजाती बाईंचीच होती. म्हणजे तिचं पहिलं वर्णन त्यांनी केलं होतं, नाव त्यांनी दिलं होतं. मी त्यांच्याकडे येण्याच्या दहाएक वर्षं आधी. जगात ती फक्त एका ठिकाणी सापडली होती, गुरुग्रामच्या पलीकडे एका गावच्या जोहडात. जोहड म्हणजे पावसाचं पाणी साठवायला गावानं खणलेलं तळं. गोल पाकळीवाली तिची बहीण मात्र उत्तर भारतात कुठेही मिळते.

त्या जोहडावर बाई मला अनेकदा घेऊन गेल्या. तळ्याच्या एका बाजूला गावची प्राथमिक शाळा होती. तिथले मास्टरजी आम्हाला व्हरांड्यात खाट टाकून द्यायचे. उंच, बारीक, पांढरा कुर्ता, बोलणं हळू. बाई गुडघाभर पाण्यात उतरायच्या, जाळी फिरवायच्या, आणि मास्टरजी काठावर उभे राहून मुलांना सांगायचे, "ये जो मॅडम पकड रही हैं ना, ये पूरी दुनिया में सिर्फ हमारे जोहड में है." मुलं बाटलीत डोकावायची. बाई ओल्या साडीचा घोळ पिळत हसायच्या. कामाच्या बाबतीत इतकी कडक बाई मी पाहिलेली नाही. पण त्या काठावर त्या वेगळ्याच असायच्या. माहेरी आल्यासारख्या.

प्रबंधाचं शेवटचं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. दिल्ली आणि आसपासच्या तळ्यांतल्या या प्राण्यांची ओळखसूची मी तयार करत होते. म्हणजे कुणीही ती उघडावी, एकेक प्रश्नाचं उत्तर देत पुढे जावं आणि शेवटी हातातल्या प्राण्याचं नाव मिळावं. बाईंची प्रजाती तिच्या बहिणीपासून वेगळी करायची पायरी लिहायची होती. जोहडातल्या नमुन्यातला एक नर घेतला, पाय सोडवला, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला, वर काचेची पातळ चकती ठेवली. बाईंनी शिकवलेली पद्धत अशी की मग चकतीवर अंगठ्याच्या नखानं हलका दाब द्यायचा. पाय सपाट होतो, चित्र नीट काढता येतं.

त्या दिवशी चकतीखाली वाळूचा कण अडकला होता. मी दाबलं, पण चकती खाली बसलीच नाही. मी तसंच बघितलं. पाकळी गोल होती.

मला वाटलं, जोहडात दोन्ही प्रजाती असतील. कण काढला आणि पुन्हा दाबलं. डोळा सूक्ष्मदर्शकालाच होता. गोल पाकळी दबली, मधोमध दुमडली, आणि खाच पडून दोन टोकं तयार झाली. बाईंच्या चित्रात होती तशीच्या तशी. दाब काढला तरी ती तशीच राहिली.

मी दुसरा नर घेतला. तिसरा घेतला. मग बाईंच्या कपाटातली मूळ नमुन्यांची कुपी मागून घेतली. ज्या नमुन्यांवरून त्यांनी प्रजातीचं वर्णन केलं होतं त्यांतले दोन नर अजून कुणी न उघडलेले होते. एक मी उघडला. दाब न देता पाहिलं. गोल. बाईंनी पेपरात आणखी दोन फरक दिले होते, दोन्ही काट्यांच्या लांबीचे. मी दोन्ही प्रजातींच्या बऱ्याच नरांचे काटे मोजले. मापं एकमेकांत मिसळून गेली होती.

त्या पाकळीचं कवच इतर प्रजातींपेक्षा पातळ असतं, म्हणून ती दुमडते. बहिणीचं गोल पाकळीचं चित्र एका जुन्या पुस्तकावरून उतरवलेलं होतं, आणि त्या पुस्तकवाल्यानं दाब दिलेलाच नव्हता. बाईंनी कधी लबाडी केली नव्हती. त्यांनी जे दिसलं तेच काढलं होतं. फक्त जे दिसत होतं ते त्यांच्याच नखानं केलेलं होतं.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर बाई कपाटं आवरत होत्या. दोन महिन्यांनी त्यांची निवृत्ती होती. टेबलावर त्यांच्या निरोपसमारंभाची पत्रिका होती आणि तिच्यावर कुणीतरी कौतुकानं तोच पाय छापला होता, दोन टोकांच्या पाकळीसकट.

"कशी दिसते?" त्यांनी विचारलं.

"छान," मी म्हणाले.

"तुझा चेहरा का उतरलाय?"

"झोप नाही झाली, बाई."

प्रबंधात मी बाईंचं जुनं चित्र वापरलं. पायरीही लिहिली: पाकळी गोल असल्यास ही, दोन टोकांची असल्यास ती. बाईंनी सही केली, तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. परीक्षकांनी त्या सूचीचंच सर्वांत जास्त कौतुक केलं. मी स्वतःला सांगितलं की नंतर वेगळा पेपर लिहून दुरुस्ती करू. ते नंतर अकरा वर्षं आलं नाही. मी एका कॉलेजात शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली, करोल बागेजवळ घर झालं. अधूनमधून कुणीतरी विद्यार्थी दुसऱ्या शहरातून ईमेल करायचा, मॅडम तुमची सूची फार उपयोगी पडली. मी थँक्यू लिहून पाठवायचे आणि दिवसभर कुणाशी नीट बोलायचे नाही.

मग दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, मास्टरजी माझ्या कॉलेजात आले. मी त्यांना ओळखलंच नाही. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. शिपायानं बसवून ठेवलं होतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माझा प्रबंध. इंटरनेटवरून काढून, छापून, बांधून घेतलेला. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत जोहडाचं पाणी.

"मॅडम, तालाब जा रहा है," ते म्हणाले.

जोहडाच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आता नव्या वसाहतीचा रस्ता नेमका तळ्यावरून जाणार होता. गावातल्या काही लोकांनी हरकत घेतली होती. एक सरकारी समिती सुनावणी घेणार होती. मास्टरजींनी प्रबंधाचं एक पान काढून दाखवलं. त्यावर पिवळ्या शाईनं रेघ मारली होती: ही प्रजाती अन्यत्र कोठेही आढळलेली नाही.

"हमारे पास और कुछ नहीं है," ते म्हणाले. "बस यही एक लाइन है. आप एक चिठ्ठी लिख दीजिए की ये अब भी है. बडी मॅडम का पता भी दीजिए, उनसे भी लिखवाएंगे."

मी म्हणाले, मी आधी पाणी बघते. एक आठवडा द्या. ते उठले, बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पाण्यात सहा नर मिळाले. सहांच्याही पाकळ्या गोल.

शनिवारी मी नोएडाला बाईंकडे गेले. त्या तिथे अकराव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. यजमान गेल्याला चार वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि उजवा हात किंचित कापायचा. मला बघून खूश झाल्या, पोहे केले. जोहडाचं सांगितल्यावर हातातली बशी खाली ठेवली.

"आत्ताच्या आत्ता लिहू पत्र," त्या म्हणाल्या. "बस, काढ तुझा लॅपटॉप."

"बाई, थोडं थांबा. मला काहीतरी सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. चकती, वाळूचा कण, मूळ नमुना, काट्यांची मापं. माझं बोलणं संपल्यावर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी वाट बघत होते की त्या म्हणतील हे शक्य नाही, तू चुकतेयस. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

त्यांनी विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

हे उत्तर मी तयार केलेलं नव्हतं.

"प्रबंधाच्या वेळेपासून," मी म्हणाले.

"म्हणजे मी सही केली तेव्हा."

"हो."

"आणि तो निरोपसमारंभ झाला तेव्हा."

मी मान हलवली. बाई उठून आत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. म्हणाल्या, "सोमवारी तुझ्या कॉलेजात येते. मला स्वतःला बघायचंय."

सोमवारी त्या टॅक्सीनं आल्या. सोबत मूळ नमुन्यांची ती कुपी होती. निवृत्तीच्या वेळी त्यांनी ती घरी आणली होती. न उघडलेला शेवटचा नर तीत होता. मी म्हणाले, पाय मी सोडवून देते, तुमचा हात... त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बाजूला झाले. पाय सोडवायला त्यांना पाऊण तास लागला. एकदा सुई निसटली आणि मला वाटलं, गेला. पण पाय शाबूत निघाला. त्यांनी तो ग्लिसरीनमध्ये ठेवला, चकती दबू नये म्हणून तिच्या कडेखाली चार ठिकाणी मेणाचे कण लावले आणि डोळा लावला.

बराच वेळ बघितलं. मग मेणाचे कण काढले, अंगठ्याचं नख चकतीवर टेकवलं, दाबलं. पुन्हा बघितलं.

"अरे देवा," त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि मग, "किती सोपं होतं हे."

मी पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या नाहीत. शेजारच्या वर्गातून मुलांचा गलका येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "सुनावणी कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी."

"तर मग गुरुवारपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही. पत्र जाऊ दे. प्रजाती तिथे आहे असं लिहायचं, माझी सही, तुझी सही. तळं वाचलं की दुरुस्तीचा पेपर मी स्वतः लिहीन."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. हीच बाई लेबलवर तारीख चुकली तर अख्खा नमुना बाद करायची.

"बाई, हे खोटं होईल."

"अकरा वर्षं नव्हतं ते खोटं? तुला चाललं ना? मग अजून दहा दिवस चालव. या वेळी निदान कुणाच्या तरी कामी येईल."

"आणि नंतर कुणाला कळलं तर? मास्टरजींवर शेकेल ते. गाव खोटं बोललं म्हणतील."

"नंतर कोण बघतंय? तुला माहीत आहे ना त्या पाण्यात काय काय आहे? कासवं आहेत, चिखल्या पक्षी येतात, निम्म्या गावाच्या विहिरींना त्याचा पाझर आहे. ते सगळं कुणी ऐकत नाही. त्यांना दुर्मिळ काहीतरी हवं असतं. दे त्यांना."

त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आजही येत नाही. त्या खरोखर तळ्यासाठी बोलत होत्या की आपली प्रजाती आणखी थोडे दिवस जगावी म्हणून, हे मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नसावं. आणि मी नाही म्हणत होते ते खरेपणासाठी की अकरा वर्षांचं ओझं एकदाचं उतरवायला, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"मी नाही लिहू शकत," मी म्हणाले.

"मग मी एकटी लिहीन."

"तुम्ही लिहिलंत तर मला त्यांना खरं सांगावं लागेल."

बाईंनी कुपी पर्समध्ये ठेवली. लिफ्टपर्यंत मी सोबत गेले. दार बंद होताना त्या म्हणाल्या, "तेव्हा बोलायचं होतंस. तेव्हा फक्त माझं नुकसान झालं असतं."

बाईंनी पत्र लिहिलं नाही. मी लिहिलं. पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं की माझ्या प्रबंधातली ती ओळ चुकीची आहे, ही स्वतंत्र प्रजाती नाही, आणि हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्यापुढे चार पानं जोहडावर लिहिली. पाणी, पक्षी, कासवं, उन्हाळ्यात तळाच्या चिखलात पावसाची वाट बघत राहणारी अंडी, गावच्या विहिरी. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून काही लिहिलेलं नाही. सुनावणीआधी स्वतः गावात जाऊन मास्टरजींना ते वाचून दाखवलं.

शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो वो कीडा है ही नहीं?"

"कीडा है, मास्टरजी. पर वो हर जगह है."

"हर जगह," ते म्हणाले. काठीनं जमिनीवर काहीतरी रेघोट्या ओढत राहिले. "मैंने इतने साल बच्चों को बताया."

मला रडू आलं. ते म्हणाले, "आप मत रोइए. आपने सच बोला, ठीक किया." थोड्या वेळानं म्हणाले, "पर मॅडम, थोडा जल्दी बोल देतीं तो हम कुछ और ढूंढ लेते."

सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. मी हजर होते. अध्यक्षांनी पत्राचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "म्हणजे मूळ मुद्दाच निकाली निघतो ना?" मी पुढच्या पानांबद्दल बोलायला लागले. ते म्हणाले, हो हो, ते रेकॉर्डवर आहे. माझ्या शेजारी मास्टरजी सरळ बसून होते. गावातला एक तरुण वकील माझ्याकडे वळून पुटपुटला, "मॅडम, आप किसकी तरफ से आई थीं?"

पावसाळ्यापूर्वी रस्ता झाला. जोहडाचा एक तुकडा ठेवलाय, फरशी बसवलेला, कठडे लावलेला. त्यात बोअरवेलचं पाणी सोडतात. मी एकदा जाऊन जाळी फिरवली. शेवाळ आलं, बाकी काही नाही.

बाईंनी माझा फोन घेणं बंद केलं. मी दर रविवारी करायचे, वाजून वाजून बंद व्हायचा. नवरा म्हणायचा, सोड ना यार, तू काही चूक केली नाहीस. त्याला मी सगळं सांगितलेलं होतं, तरी तो असं म्हणायचा आणि मला त्याचा राग यायचा. एकदा मुलीनं विचारलं, "मम्मा, दोन प्राणी वेगळे आहेत की एकच, त्यानं काय फरक पडतो?" मी तिला सांगायला लागले की यांतले काही प्राणी रोगांचे जंतू वाहतात, काही नाही, म्हणून नेमकं ओळखावं लागतं. सगळं खरं होतं. पण सांगता सांगता माझा आवाज चढत गेला आणि ती घाबरून म्हणाली, "ओके ओके, कळलं."

नोव्हेंबरमध्ये कुरियरनं एक जाड पाकीट आलं. धुरक्यामुळे कॉलेज बंद होतं, मी घरीच होते. आत बाईंचा टाइप केलेला लेख होता. स्वतःच्या प्रजातीचं नाव मागे घेणारा. पाकळी कशी दुमडते, नखाच्या दाबानं काय होतं, चूक कशी झाली, सगळं एकेक पायरी करून लिहिलं होतं. कुठेही सबब नव्हती. शेवटी नवी चित्रं होती, पेन्सिलीनं काढलेली. रेघा थरथरत गेलेल्या, पण काटा न् काटा जागच्या जागी. लेखावर दोघींची नावं होती. सोबत एका चिटोऱ्यावर लिहिलं होतं: "चूक माझी, उशीर तुझा. तुझा परिच्छेद तू लिही."

मी लिहिला. सहा ओळींचा झाला, त्याला तीन आठवडे लागले. लेख या वर्षी छापून आला. फार कुणी वाचला असेल असं वाटत नाही. ईमेल फक्त एकच आला, लखनौच्या एका संशोधकाचा: माझ्याकडेही अशाच पाकळीवरून वेगळी केलेली एक प्रजाती आहे, आता मलाही पुन्हा बघावं लागेल. त्यानं आभार मानले नव्हते आणि मला ते बरं वाटलं.

बाई आता फोन घेतात. बोलणं लेखाचं, तब्येतीचं, मुलाचं होतं. जोहडाचं होत नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी चकल्या दिल्या, पूर्वीसारखं डबा परत आण म्हणून बजावलं. पण निघताना पूर्वी त्या पाठीवरून हात फिरवायच्या, तो फिरवला नाही. कदाचित विसरल्या असतील.

गेल्या महिन्यात मास्टरजींचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या गावात आणखी एक जोहड आहे आणि त्याच्याही बाजूला मोजणीचे दगड पडलेत.

"आप आ जाइए," ते म्हणाले. "पहले देख लीजिए क्या है, क्या नहीं है. जो हो वही बताइए. उसके बाद हम सोचेंगे क्या बोलना है."

मी दोन विद्यार्थिनींना घेऊन गेले. मास्टरजी सत्तरीच्या पुढे आहेत, तरी काठावर उन्हात उभे राहिले. आम्ही तीन ठिकाणी जाळी फिरवली, विहिरींचं पाणी घेतलं, पक्षी मोजले. नमुने तपासून झाले आहेत. सगळे प्राणी सर्रास आढळणारेच आहेत. मी तसंच लिहून दिलं, आणि विहिरींचं पहिल्या पानावर घेतलं, प्राण्यांचं शेवटी. मास्टरजींनी वाचून फोन केला.

"कुछ भी खास नहीं निकला?" त्यांनी विचारलं.

"नहीं निकला, मास्टरजी."

ते म्हणाले, "ठीक है. इसी से लडेंगे."

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.